दातांत धरलेली पक्कड

शोभाचा, माझ्या मामेबहिणीचा, फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "बाबूदादा, पप्पा गेले रे," एवढंच म्हणाली आणि फोन कुणाच्या तरी हातात देऊन रडायला लागली. पलीकडून शेजारचं कोणीतरी बोलत राहिलं... झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही, तुम्ही लगेच निघा. मी हो हो म्हणत होतो. पण त्या वेळी मनात जो पहिला विचार आला, तो कागदावर उतरवायला इतके दिवस गेले. भिकूमामाला मुलगा नाही. मी त्याचा एकुलता भाचा. म्हणजे त्याच्या तोंडात शेवटचं पाणी मला घालावं लागणार. त्या तोंडात! हातातला घास मी ताटात ठेवला. माझ्या बायकोला, स्मिताला, वाटलं की दुःखानं घास उतरत नाहीये. मी तिला तसंच वाटू दिलं.

पुढे डिलाईल रोडवर मामाच्या चाळीच्या अंगणात शोकसभा झाली. फ्लेक्स लागला होता. त्यावर मामाचा फोटो पासपोर्टएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे हात जोडलेले फोटो त्याच्या दुप्पट. संपाच्या काळात जे शाळेतही जात नसतील अशा माणसांनी माईकवरून सांगितलं की भिकाजी म्हणजे गिरणगावचा लढवय्या, निष्काम कर्मयोगी, देवमाणूस. ऐकताना अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, माईक हातात घेतला आणि म्हणालो, "मामा म्हणजे आमचा आधारवड." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! खाली बसलो तेव्हा त्या सगळ्यांपेक्षा मला माझीच जास्त शिसारी आली होती. कारण खरं असं आहे की मला भिकूमामाची किळस यायची. लहानपणापासून तो जाईपर्यंत, आणि तो गेल्यावरही. त्याच्यावर माझा जीव होता, हेही खरं. पण ते सगळेच लिहितात. मला आज दुसरं लिहायचंय.

ज्यांनी मामाला पाहिलं नाही त्यांना आधी त्याची पक्कड सांगायला हवी. साधी लाल मुठींची इलेक्ट्रिशियनची पक्कड नव्हे. ही घडीची होती, परदेशी, अख्खी स्टीलची. मिटलेली असली की वीतभरसुद्धा नाही, खिशातल्या चष्म्याच्या घराएवढी. दोन्ही मुठी उलट फिरवल्या की मधून निमुळत्या चोचीची पक्कड बाहेर यायची आणि मुठींच्या पोटातून एकेक पातं निघायचं... चाकू, छोटा-मोठा डिसमिस, कानस, डबा फोडायचा आकडा, टोच्या. तेव्हा आमच्या चाळीत असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. गिरणीतल्या जुन्या मशीनच्या पट्ट्याचं कातडं कापून मामानं तिला घर शिवलं होतं आणि ते पायजम्याच्या नाडीला अडकवून तो हिंडायचा. लग्नाला, मयताला, मतदानाला, कुठेही. आंघोळीला जातानाही मोरीच्या कठड्यावर ती दिसेल अशी ठेवायचा. स्टोव्हची पिन, छत्रीची काडी, शाळेच्या दप्तराची चेन, टीव्हीची अँटेना, म्हाताऱ्यांच्या चष्म्याचा स्क्रू, सगळ्याला तीच एक. गणपतीत मखराच्या तारा पिळायला तीच, आणि दुसऱ्या दिवशी सुरमईचे पर कापायला पण तीच. पायाच्या अंगठ्याच्या जाड नखालाही तीच. नाकातल्या केसांनाही तीच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि धुणं म्हणाल तर लेंग्याला पुसणं.

पण किळस त्याचीही नव्हती. किळस होती ती पक्कड जिथे राहायची त्या जागेची. चामड्याचं घर नावाला. काम करताना ती मामाच्या दातांत असायची. दोन्ही हात एखाद्या पंख्यात किंवा नळात घातलेले, मान वाकडी, आणि ओठांच्या कोपऱ्यातून आडवी बाहेर आलेली पक्कड. तोंडात तंबाखू असायचीच. मुठीवरून तपकिरी ओघळ हनुवटीपर्यंत यायचा, तो मनगटानं पुसायचा. मग पक्कड काढून, झटकून, तशीच ओली समोरच्याच्या हातात द्यायचा. "धर जरा, बाबू." मी दोन बोटांनी धरायचो. ती कोमट असायची. एवढी वर्षं झाली, पण तो कोमटपणा मला आत्ताही बोटांना लागतो.

माझे वडीलही गिरणीतच होते. संप लांबला तसे ते गावी गेले आणि तिकडेच राहिले. आई आणि मी मामाच्या मजल्यावर, त्याच्या शेजारच्या खोलीत. मामा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होता. त्याची गिरणी पुन्हा चालू झाली तेव्हा जुन्या माणसांतले थोडेच आत घेतले, त्यात मामा नव्हता. त्यानंतर त्यानं दुसरी नोकरी धरलीच नाही. कोणी बोलावलं की जायचा, दुरुस्ती करायचा, मिळतील ते चार पैसे घ्यायचा, चहा प्यायचा, परत यायचा. मामी होती तोवर कधी चिडून म्हणायची, "मिलीन सोडल्यान, आता पक्कडीन धरल्यान तुमका." त्यावर मामा हसून पक्कड उघडमीट करायचा. खट खट खट. दिवसभर तो आवाज. माझी शाळा, माझं कॉलेज, आईचं आजारपण, सगळं त्या माणसानं निभावलं. आणि मी त्याच्याकडे पाहून जेवू शकत नव्हतो. पंगतीत शेजारी बसला तर मी पाट सरकवायचो.

नोकरी लागली, लग्न झालं, परळला जागा घेतली. मामा दर रविवारी सकाळी चालत यायचा. बेल वाजवायच्या आधी तो दाराच्या कडीचा स्क्रू तपासायचा. आत आला की चप्पल काढता काढता, "नळ गळतोय काय गो?" स्मिता म्हणायची, "मामा, आधी बसा तरी. नळ कुठे पळून जात नाही." "नळ पळत नाय, वायसर पळता," म्हणत हा ओट्याखाली. स्मिताला त्याचं काही वाटायचं नाही. ती तर त्याच्याकडून पक्कड मागून घ्यायची आणि नारळाची शेंडी उपटायची.

एका रविवारी जेवताना पेडव्या माशाचा काटा तिच्या घशात अडकला. कोरडा भात गिळून झाला, केळं झालं, डोळ्यांतून पाणी. मामानं तिला खिडकीशी बसवलं, माझ्या हातात टॉर्च दिला, "हलवू नको" म्हणाला, आणि पक्कड... दातांतून काढली. लेंग्याला पुसली. मी ओरडलो, "मामा, थांब, उकळू दे!" तोवर चोच आत गेली होती आणि काटा बाहेर आला होता. स्मिता ओकारी काढून हसायला लागली. मामानं काटा उजेडात धरला, "बघ, केवढोसो! भायेर काढलो तेवा गप झालो." मी हसलो नाही. मी तिला उठवलं, चपला घालायला लावल्या आणि मामाच्या देखत हॉस्पिटलात धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन गेलो. ती रिक्षात म्हणाली, "अहो, कशाला? म्हातारा माणूस बघतोय." मी म्हटलं, "बघू दे." परत आलो तेव्हा मामा गेला होता. जाताना ताटं घासून ठेवून गेला होता.

त्याच आठवड्यात मी लालबागच्या भांड्यांच्या दुकानातून एक स्टीलचा पेला आणला. घरातल्या सगळ्या भांड्यांवर लग्नातलं नाव कोरलेलं, ह्या एकावर नाव नाही. तो वरच्या फळीवर उपडा ठेवायचा. मामासाठी. स्मितानं एकदाच सांगितलं, "हे पाप मी नाही करणार. तुमचं तुम्ही बघा." म्हणून मीच बघायला लागलो. मामा आला की मी स्वतः उठायचो, पेला काढायचो, पाणी भरून द्यायचो, तो गेल्यावर वेगळा घासून पुन्हा वर. आणि ह्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही की मामाला तो मान वाटला. चाळीत तो सांगत सुटला, आमचा बाबू एवढा मोठा साहेब झाला, पण मामा आला की बायकोला सांगत नाही, स्वतः उठून पाणी देतो. शोभानं हे मला कौतुकानं ऐकवलं होतं. मी तेव्हा काय केलं असेन? हसलो. दुसरं काय करणार.

मधे एकदा मी त्याला नवी पक्कड घेऊन दिली. जिथे त्याचे माग होते तिथे आता मॉल आहे, त्याच मॉलमधून. काळी, चकचकीत, आत टॉर्च वगैरे. म्हटलं जुनी आता पुरे झाली, चाकू घासून घासून नखाएवढा राहिलाय, तार कापायच्या जागी खाच पडलीय, टाकून दे. मामानं खोकं फोडलं, पक्कड उघडली, मिटली, हातात तोलली... आणि पहिलं काय केलं असेल तर दातांत धरली. "गोड लागता," म्हणाला. "रंग उडणार हेचो." पावसाळा संपायच्या आत तिची स्प्रिंग निसटली, सांधा खिळखिळा झाला आणि एका नटावर चोचीचा तुकडाच पडला. जुनीनं ह्याच्या चौपट मार खाल्ला होता. एकदा तर चालू वायर कापताना ठिणग्या उडून ती गॅलरीतून खाली पडली होती, फरशी फुटली, हिला काही नाही. खोबरेल तेलाचा थेंब सांध्यात सोडला की पुन्हा खट खट. मामा म्हणाला, "तुझी शोभेची होती रे, खिशात ठेवायची. ही तोंडातली."

त्यानंतरच्याच एखाद्या रविवारची गोष्ट. मी आंघोळीला गेलो होतो, स्मिता बाजारात. बाहेर आलो तर मामा ओट्याजवळ खाली बसलेला, मांडीवर फडकं, फडक्यावर तो पेला, हातात पक्कडीतला टोच्या. टिंब टिंब करत तो पेल्यावर अक्षरं पाडत होता. मी तिथेच ओला उभा. त्यानं काम पुरं केलं, फुंकर मारली आणि पेला माझ्यासमोर धरला. 'भिकाजी'.

"घे. आता शोधूक नको. बाकीच्यांच्यात ठेवलास तरी चुकूचो नाय."

"मामा, तसं काही नाहीये..."

"गप रे. मी साचेखात्यातलो माणूस. तोंडाचा काय असता ता माका सांगतस?"

मग त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्या बोलीत लिहायला घेतलं होतं, पण जमलं नाही, म्हणून माझ्या शब्दांत लिहितो. मागावर आडवा धागा घेऊन धावणारा धोटा असतो, त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून ओढायचं. दिवसातून किती वेळा त्याला गणती नाही. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडात. म्हणूनच पूर्वी दलितांना साचेखात्यात घेत नसत. मामा लागला तोवर ती बंदी कागदावरून गेली होती, माणसांतून नाही. त्याच्या मागावर आधीच्या पाळीला सखाराम नावाचा दलित विणकर आला. पहिल्या दिवशी पाळी बदलताना सखारामनं धोटा मामाच्या हातात दिला आणि मामानं, त्याच्या देखत, तो सदऱ्यानं पुसला. दुसऱ्या दिवशीही मामानं पुसला. तिसऱ्या दिवसापासून सखाराम स्वतःच पुसून द्यायला लागला. "वर्षानुवर्षां," मामा म्हणाला, "तो पुसून देय, नि मी परत पुसय."

संपात दोघेही रस्त्यावर आले. मोर्चे झाले, एका पातेल्यातली खिचडी झाली, तरी ते पुसणं दोघांच्या मधे होतंच. सखारामचा मुलगा माझगाव डॉकमध्ये लागला होता. कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या खलाशानं त्याला ही घडीची पक्कड दिली, त्यानं ती बापाला दिली. एक दिवस मामा त्याच्या खोलीवर गेला. सखाराम पत्र्याच्या छपरावर चढून तार बांधत होता, पक्कड दातांत. खाली उतरला, मामाला बघितलं, पक्कड तोंडातून काढली आणि तशीच, ओली, पुढे केली. म्हणाला, "घे भिकाजी. ही तरी पुसू नको."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घातलंय तोंडात."

सखारामनं ती परत घेतली नाही. ठेव म्हणाला. पुढच्या वर्षी तो वारला. मामा ते सांगताना रडला वगैरे नाही. उलट कान खाजवत होता, पक्कडीच्या टोच्यानंच. मी म्हटलं, "म्हणजे तू ती मुद्दाम तोंडात..." तर म्हणाला, "सुरवातीक मुद्दाम. मगे सवय. घाणेरडी सवय आसा, माका काय कळणा नाय? शोभा पण बोंबलता." आणि उठता उठता, गुडघ्यावर हात देऊन, एवढंच म्हणाला, "तू पेलो येगळो ठेवतस ह्याचा माका वायट नाय वाटूक. तू ता माझ्याकडसूनच घेतलंस. वायट ह्या वाटला की मी चाळीत सगळ्यांक सांगत फिरलंय."

इथे वाचकांना वाटेल की आता ह्याची किळस गेली असणार. मलाही तसंच वाटलं होतं. पुढच्या रविवारी मी मामाला आमच्या नेहमीच्या पेल्यात पाणी दिलं. तो प्याला. रिकामा पेला मी हातात घेतला, काठावर तंबाखूचा कण होता. मी मोरीत जाऊन तो राखेनं घासला. कारण कळलं म्हणून अंगाचं शहारणं थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि मी स्वतःला माफ केलं नाही. मामानं मोरीतला आवाज ऐकला असणार. त्यानंतर तो येताना घरूनच पाणी पिऊन यायचा. "तहान नाय रे," म्हणायचा. शेवटपर्यंत त्याला माझ्या घरात तहान लागली नाही.

तर त्या दिवशी मी डिलाईल रोडला पोचलो. मामाला अंघोळ घालून बाहेर ठेवला होता, तोंड किंचित उघडं, दात तपकिरी, खालचे दोन पक्कडीनं झिजून खाच पडलेले. एकेक जण पुढे येऊन तुळशीच्या पानानं पाणी घालत होता. बोटं ओठांना लागत होती, कोणाला काही वाटत नव्हतं. गुरुजींनी मला हाक मारली. मी वाकलो, आणि मी म्हणालो, "एक चमचा मिळेल का?"

कोणाच्या लक्षातही आलं नसेल. म्हातारी माणसं चमचा वापरतातच. पण शोभानं आत जाऊन चमचा आणला आणि माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं तर! मी चमच्यानं पाणी घातलं. अर्धं गालावरून ओघळलं. ते मी पुसलं नाही. शोभानं पुसलं, पदरानं.

तेराव्यानंतर तिनं ती पक्कड चामड्याच्या घरासकट माझ्या हातात ठेवली. "पप्पांनी असं काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, "पण टाकायला हात होत नाही आणि घरात खट खट वाजली तर मला सोसणार नाही. तू ने." मी ती पिशवीत घालून आणली आणि काही दिवस बुटांच्या कपाटात ठेवली. परवा स्मिता घरात नसताना काढली, उघडली. सांधा अजून लोण्यासारखा फिरतो. पातेल्यात पाणी घेतलं, पक्कड आत टाकली आणि गॅस पेटवला. होय, उकळायला. माणूस गेल्यावर, एवढं सगळं माहीत असताना.

पाणी तापलं तशा मुठींच्या पोटातून बारीक बुडबुड्यांबरोबर काळपट तपकिरी रेघा निघायला लागल्या. एक खवलाही वर आला. तेवढ्यात स्मिता आली. तिनं पातेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"काय मिळालं?" तिनं विचारलं. चिमट्यानं पक्कड बाहेर काढून तिनं ती फडक्यावर ठेवली. "हे मोरीत ओतते."

"नको, मीच ओततो."

मी पातेलं उचललं. वाफ तोंडावर आली. तंबाखू, लोखंड, शिळी मासळी, खोबरेल... आणि पोटात ढवळलं. घशाशी आलं. बेल वाजण्याआधी कडीचा स्क्रू फिरल्याचा आवाज आला की जसं ढवळायचं, अगदी तस्सं. तो घरात असल्याशिवाय मला असं कधी झालेलं नाही. इतक्या दिवसांत त्याचा फोटो पाहून काही झालं नव्हतं, शोकसभेत नाही, स्मशानात नाही. आता पातेलं मोरीच्या कठड्यावर टेकवून मी उभा होतो, तोंडात आंबट पाणी आलेलं, डोळ्यांना पाणी, आणि स्मिता पाठीवर हात फिरवत म्हणत होती, "ओकून टाका, बरं वाटेल."

मला ओकायचं नव्हतं. मी पातेलं ओट्यावर परत ठेवलं आणि वास दबावा म्हणून झाकण घालायला गेलेला तिचा हात धरला. वाफ आहे तोवर येऊ दे, म्हटलं.